डोंगराखालची प्रयोगशाळा आणि मामांचा प्रश्न

माझ्या कामाबद्दल नागपुरात सगळ्यात नेमका प्रश्न विचारला तो आमच्या मामांनी. त्यांची उभी नोकरी सावनेरकडच्या कोळसा खाणीत गेली. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली कृष्णद्रव्य शोधणारी आमची प्रयोगशाळा आहे, डोक्यावर 1400 मीटर खडक आहे, म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "मग हवा कशी खेळवता वं तिथं?"

अगदी वर्मावर बोट! तो खडक अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्यूऑन नावाचे कण दहा लाख पटींनी कमी करतो, पण त्याच खडकातून रेडॉन वायू झिरपतो. खाणीत त्याची भीती फुफ्फुसांना. आमच्याकडे तो प्रयोगातही घुसतो, कारण त्याच्या किरणोत्सारात कृष्णद्रव्याची खूण हरवू शकते. म्हणून बाहेरची हवा सतत आत सोडायची आणि ज्यात ही खूण शोधायची तो टाकीतला द्रवरूप झेनॉन वायू, उणे 95 अंश सेल्सियसच्या आसपास, अखंड शुद्ध करत राहायचा.

शोधतो आहोत कृष्णद्रव्य. 1933 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. दिसणाऱ्या पदार्थाच्या गुरुत्वाने त्या एकत्र राहूच शकल्या नसत्या. विश्वात हे न दिसणारं द्रव्य आपल्या नेहमीच्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त आहे.

ते कशाचं? मला सगळ्यात देखणं वाटतं ते सुपरसिमेट्री या सिद्धांताचं उत्तर. प्रत्येक कणाला एक जोडीदार, स्पिन (कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुण) अर्ध्याने वेगळा. फोटॉन (प्रकाशाचा कण), झेड आणि हिग्ज या कणांच्या जोडीदारांचं मिश्रण म्हणजे न्यूट्रलिनो. त्याला विद्युतभार नाही, म्हणून प्रकाशाशी देणंघेणं नाही. आणि आर-पॅरिटी, म्हणजे जोडीदार कण फुटला तर त्यातून जोडीदार कण निघालाच पाहिजे हा नियम, पाळली जात असेल, शिवाय जोडीदारांत तोच सगळ्यात हलका असेल, तर तो फुटणार तरी कशात? विश्वाच्या बालपणापासूनचा तो आजही टिकून असेल.

"सापडला का मग?" मामींनी विचारलं. नाही. जिनिव्हाच्या 27 किलोमीटर घेराच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्रात 2012 मध्ये हिग्ज मिळाला. सुपरसिमेट्रीचा एकही कण अजून नाही. आमच्या टाकीतही नाही. पण प्रत्येक निकालागणिक न्यूट्रलिनोला लपायला जागा कमी उरते. सुपरसिमेट्रीची काही सोपी रूपं तर त्यात निकालीच निघाली, आणि हे काम मला मनापासून मोलाचं वाटतं.

2024 मध्ये आमच्या झेनॉन-एनटी प्रयोगाला वेगळीच चाहूल लागली: सूर्यातल्या बोरॉन-8 या किरणोत्सारी अणूंपासून निघणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अतिहलक्या कणांची. चीनमधल्या पांडा-एक्स या तशाच प्रयोगालाही लागली. न्यूट्रिनोंना कुठलाच खडक अडवत नाही, आणि झेनॉनच्या अणुकेंद्राला बसणारा त्यांचा धक्का हलक्या कृष्णद्रव्यकणाच्या धक्क्यासारखाच दिसतो. आता पुढच्या मोजणीत आधी सूर्याचा हिशेब वजा करावा लागणार.