किलोत येतं, नगात जातं

आबांनी १९९४ साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका जुन्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, काम सुरू केलं. रॅकवर दिसेल तेवढा स्टॉक, हिशोब त्यांच्या डोक्यात. पुढे एकेक करत चार सीएनसी (संगणकावर चालणारी कातकामाची मशीन) आली आणि डोक्यातला हिशोब पुरेना.

एकदा ६०० पिना बाहेर झिंक प्लेटिंगला (जस्ताचा मुलामा द्यायला) गेल्या आणि माल पाठवल्याचं चलन ड्रॉवरमध्येच राहिलं. शॉपमध्ये पिना दिसेनात, म्हणून आम्ही नवा बार आणून पुन्हा ६०० कापल्या. आठवड्याभरानं पहिल्या परत आल्या. तोवर पार्टीनं ड्रॉइंग बदललं होतं, जास्तीच्या सगळ्या भंगारात गेल्या. आबा त्या रात्री जेवले नाहीत.

टॅली, हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, २०१७ला जीएसटी आल्यापासून होतीच, पण बिलं काढण्यापुरती. आता स्टॉक त्यातच घ्यायचा ठरला. खरं काम निघालं ते नावांचं. ४० एमएम व्यासाचा ईएन८ पोलादाचा बार खरेदीच्या बिलात एका नावानं, स्टोअरच्या वहीत दुसऱ्या, ऑपरेटरच्या तोंडी तिसऱ्याच. नावं एक करायला दीड महिना गेला. मोजणी खंडेनवमीला केली, त्या दिवशी मशीन बंद असतात.

मग किलो आणि नगाचा प्रश्न. बार येतो किलोत, पिना जातात नगात. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एक मीटर बारचं वजन किलोत निघतं. ४० एमएमचं ९.८८ किलो. एका पिनेला कटिंग धरून ११५ एमएम, म्हणजे १.१४ किलो. तयार पीस ८०० ग्रॅमचा, उरलेले ३४० ग्रॅम चिप्स, म्हणजे कातताना निघणारा चुरा. हे सगळं बिल ऑफ मटेरियलमध्ये (एका पिसाला किती माल लागतो त्या यादीत) बसवलं, तेव्हा चिप्स विकताना किती वजन भरायला हवं हे पहिल्यांदा आधीच कळलं.

प्रत्येक जॉबवर्करच्या, म्हणजे प्लेटिंगसारखं काम बाहेर करून देणाऱ्याच्या, नावानं टॅलीत एक गोडाऊन उघडलं. माल बाहेर असला तरी आपलाच, तो दिसलाच पाहिजे. शिवाय जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं जीएसटीत धरतात.

पहिले तीन महिने स्टॉक मायनसमध्ये दिसायचा. स्टोअरचे मामा दिवसभर बार द्यायचे आणि नोंदी संध्याकाळी आठवून करायचे. मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून पंधरा दिवस बसलो. आधी स्लिप, मग बार. मामांचं वय अठ्ठावन्न, कीबोर्डला हात न लावलेला माणूस. आज घाईत मी बार मागितला तरी ते म्हणतात, "साहेब, स्लिप."

सध्या इन्सर्टची, म्हणजे मशीनच्या टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्यांची, नोंद चालू आहे. सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला कापायच्या चार कडा असतात, आणि दोनच वापरून टाकलेले इन्सर्ट डब्यात सापडतात. आबा रोज सकाळी तो डबा स्वतः उपडा करून बघतात.