फाडायचं चित्र

मालिकेत फाडायचं चित्र कधी एक नसतं. आम्ही सहा केली होती. एक नुसतं कोळशाचं रेखाटन, एक अर्धवट रंगवलेलं, एक पूर्ण झालेलं, आणि तीन फाडायला, कारण पहिल्याच टेकला सगळं नीट होईल यावर सेटवर कुणाचाच विश्वास नसतो. सहाही ठिकाणी तोच चेहरा, तीच नजर, कपाळावरची बट त्याच बाजूला. एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय का हे बघणारी कंटिन्युइटीवाली मुलगी मोबाईलवर फोटो मोठा करकरून बघते आणि एका भुवईपायी चित्र परत पाठवते.

मी जेजेत, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत गोरेगावच्या चित्रनगरीत एका मराठी मालिकेच्या आर्ट डिपार्टमेंटला असिस्टंट म्हणून लागले. असिस्टंटचं काम म्हणजे देवघरातली फुलं कालच्यासारखीच ठेवायची, टेबलावरचा कप कालच्याच कडेला, आणि कॅलेंडरवरची तारीख फ्रेममध्ये येत असेल तर ते उतरवायचं. भिंतीवर काय टांगायचं तेही बघायचं. मालिकांतल्या दिवाणखान्यात इतके रविवर्मा का दिसतात ते मला तिथे कळलं. आवड वगैरे काही नाही, आपल्याकडे चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि रविवर्मा १९०६ सालीच गेले. हयात चित्रकाराचं चित्र मागे दिसलं की चॅनलचं लीगल फोन करतं. चित्रनगरीला नाव दादासाहेब फाळक्यांचं, आणि फाळके १८८५ साली आमच्याच कॉलेजात शिकायला आले होते, एवढ्या पुण्याईवर मी सुरुवातीचे दिवस काढले.

मग मालिकेचा ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, बदलला. नायिका एकदम चित्रकार झाली. रात्रभर जागून ती वारलेल्या आईचं चित्र काढते आणि जाऊ ते सुरीने फाडते. (मालिकेत फाडाफाडी नेहमी जावेकडेच का असते, हे लेखकाला एकदा विचारायचंय.) आर्ट डिरेक्टर म्हणाले, जेजेची पोरगी आहे ना, दे तिला.

चेहऱ्यासाठी कोऑर्डिनेटरने एका ज्युनियर आर्टिस्ट, म्हणजे सीनमध्ये गर्दीत उभ्या राहणाऱ्या, मावशींना अर्ध्या दिवसासाठी पाठवलं. विरारहून आल्या होत्या, खांद्याला स्वतःच्या साड्यांची पिशवी. ज्युनियर आर्टिस्टने कपडे बहुधा आपलेच आणायचे असतात. मी त्यांना खिडकीशी बसवून फोटो काढले. काय चेहरा होता! डोळ्यांखाली जड थैल्या, वरच्या ओठावर बारीक उभ्या रेघा, उजवा गाल डाव्यापेक्षा आत गेलेला, कारण त्या बाजूच्या दाढा नव्हत्या. कॉलेजात पोर्ट्रेटला असं मॉडेल बसलं तर वर्गात पुढच्या जागेसाठी भांडणं होतील. मी मन लावून पहिलं चित्र केलं. सावलीत थंड हिरवट छटा, गालफडावर बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी, रेघा एकही न सोडता.

ईपींनी, म्हणजे मालिकेच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरनी, ते बघितलं आणि म्हणाले, "अगं, आई आहे ती. सुंदर नको दिसायला? पंधरा वर्षं कमी कर." कॅमेऱ्याच्या दादांनी मॉनिटरवर दाखवलं तेव्हा माझ्या थंड छटा खरोखर मळल्यासारख्या दिसत होत्या, ते मी मान्य करते. पण रेघांचं काय? मी दाढा बसवल्या, गाल भरला, थैल्या पुसल्या. उरला एक गोड, गुळगुळीत चेहरा. कॉलेजात हे दाखवायचं नाही असं मी तेव्हाच ठरवलं.

सहा प्रती करायच्या तर हाताशी पेंटर दादा होते. हे कोल्हापूरचे, पडदे रंगवता रंगवता सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर जणू त्यांचे सख्खे काका असावेत, अशा थाटात त्यांचं नाव घेतात. मला हाक मारायची तर "ए जेजे". मी प्रत्येक प्रत नव्याने ड्रॉइंग करून करणार होते. दादांनी मूळ चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून चेहऱ्याच्या रेघा उतरवल्या, सुईने रेघेवर भोकं पाडली, कोळशाची भुकटी मलमलच्या पुरचुंडीत बांधली आणि कागद कोऱ्या कापडावर धरून ती पुरचुंडी थापत गेले. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांचा तोच चेहरा. ही पद्धत आम्ही कलेच्या इतिहासात युरोपातल्या भित्तिचित्रांच्या धड्यात वाचली होती. दादांनी ती तरुणपणी दुकानांच्या पाट्यांवर वापरली होती.

फाडायच्या तीन प्रतींचं तर पूर्ण डोकं त्यांचं. "कॅनव्हास लावू नको, मांजरपाट लाव," म्हणाले. जाड कॅनव्हास सहजासहजी फाटत नाही, त्यात आर्टिस्टच्या हातात देतात ती सुरी बोथट केलेली असते. मांजरपाटावर व्हायटिंग (खडूची पांढरी भुकटी) आणि फेविकॉलचा अगदी पातळ हात दिला. जाड दिला तर फाटताना पापुद्रे उडतात. मग पाठीमागून ब्लेडने कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर दिली, वरून टिश्यू पेपर चिकटवला, आणि पुढून मी ती रेघ रंगाने बुजवली. रंग ॲक्रेलिक, कारण तैलरंग वाळायला कुणाकडे वेळ नव्हता. सीनमध्ये मात्र टेबलावर जवसाच्या तेलाची आणि टर्पेंटाइनची बाटली दिमाखात उभी. वर डलिंग स्प्रे, म्हणजे लाइट चमकणार नाही. ती चीर पुढून कुणालाही सापडली नसती. आमच्या एका सिनियरचं म्हणणं आहे की सेटवर हात बिघडतो. त्याने ही चीर बघायला हवी होती.

शूटच्या दिवशी नायिकेने ब्रश पार त्याच्याच केसांजवळ धरला, म्हणून क्लोजअपमध्ये तिच्या बांगड्या घालून माझाच हात घेतला. तिथपर्यंत ठीक. मग जाऊबाई आल्या. पहिल्या टेकला बांगडी चौकटीत अडकली आणि चित्र ईझलसकट कोसळलं. दुसऱ्याला फोकस गेला. तिसऱ्याला सुरी बरोबर कपाळावर टेकली आणि चीर टर्रकन हनुवटीपर्यंत उघडली. सगळे माझ्याकडे बघत होते, पोरीला वाईट वाटत असेल म्हणून. मला काहीच वाटलं नाही. दादांची रेघ सुतासारखी उघडली याचाच आनंद झाला. दादा म्हणाले, "लालबागचे मूर्तिकार बरे गं, त्यांचं काम दहा दिवस तरी टिकतं."

जेवणाच्या ब्रेकला त्या मावशी आल्या. शेजारच्या सेटवर हळदीकुंकवाच्या सीनला मागे उभ्या होत्या. कुणीतरी सांगितलं की तुमचं चित्र झालंय. पूर्ण झालेली प्रत भिंतीला टेकवलेली होती. त्या समोर येऊन थांबल्या, जवळ गेल्या, परत मागे आल्या.

"ही मी नाही गं," म्हणाल्या.

मी सारवासारव करणार होते, की मी नीट काढलं होतं, वरून बदलायला लावलं.

"ही माझी आई आहे. अशीच होती. मी नववीत होते तेव्हा गेली. फोटो नाही तिचा एकही."

मग एवढंच विचारलं, "सीन झाला की हे मला मिळेल का? पैसे देते मी थोडे."

मी ईपींकडे गेले. ते म्हणाले, चित्र प्रॉडक्शनची प्रॉपर्टी, फ्लॅशबॅकला लागेल. मग फाटलेल्यांपैकी एखादं? तेही नाही, कारण पुढे नायक ते तुकडे जोडून नायिकेला भेट देतो असा ट्रॅक चॅनलने पास केलाय. वर म्हणाले, "या ज्युनियर आर्टिस्टचं असंच असतं, सगळ्यांच्या आया लहानपणी गेलेल्या असतात." हा माणूस रोज चाळीस लोकांना रडवणारी मालिका काढतो.

माझी एक मैत्रीण लॉ करते. तिने कायदा काढून दाखवला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७: पैसे देऊन कुणी चित्र करवून घेतलं, तर वेगळा करार नसेल तर हक्क करवून घेणाऱ्याचा. कलम ५७ मात्र चित्रकाराच्या बाजूचं, कामाची नासधूस झाली तर दाद मागता येते. त्यावरच शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारविरुद्ध लढले. विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प काढून टाकलं होतं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाईही दिली. मैत्रीण उत्साहात होती. पण माझं चित्र फाडण्यासाठीच केलेलं, आणि फाडण्याबद्दल माझी तक्रारच नाही. जी तक्रार आहे त्याला कलम नाही. मावशींना तर कुठल्याच कलमात जागा नाही, चेहरा त्यांचा असूनही.

मला छळतंय ते वेगळंच. मी रेघा तशाच ठेवल्या असत्या तर चित्र चांगलं झालं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही. तसं झालं असतं तर मावशींनी बघितलं असतं, छान म्हणाल्या असत्या आणि पिशवी उचलून विरारची गाडी पकडली असती. त्यांची आई सापडली ती ईपींच्या त्या पंधरा वर्षांत. मला लाज वाटत होती नेमक्या त्याच चेहऱ्यात. मग मी शिकतेय ते काय, असं म्हणावं तर तेही खरं नाही. डोळ्यांची ठेवण आणि कवटीचं माप चुकलं असतं तर गाल भरूनही कुणाची आई दिसली नसती.

त्यांना नवीन काढून देते म्हटलं तर म्हणाल्या, "नको, त्यात मीच येईन."

एपिसोड लागला. चित्र पडद्यावर दिसलं असेल चार सेकंद, तेही पुढे मेणबत्ती आणि वर ढणढणतं संगीत. जोडण्याचा ट्रॅक चॅनलने मध्येच बंद केला, म्हणजे फाटलेल्या तिन्ही प्रती आता कुणालाच नको आहेत. माझं पेमेंट नव्वद दिवसांनी येणार. दादांनी गोडाउनवाल्याचा नंबर मिळवून दिला. तो म्हणाला, माल आहे, पण गेटपासवर ईपींची सही लागेल. ईपी आता दुसऱ्या मालिकेवर गेलेत आणि फोन उचलत नाहीत. उद्या दादांना घेऊन त्या सेटवर जाणार आहे.