आबा, पोरं आणि कणेरीची मोट

मागच्या उन्हाळ्यात पोरांच्या हट्टापायी आम्ही सगळे एका वॉटरपार्कला गेलो होतो. पोरं खूश झाली, खोटं कशाला बोलू, पण संध्याकाळी घरी येताना मागं वळून बघितलं तर आबा, म्हणजे माझे सासरे, खिडकीला डोकं टेकून गप्प बसलेले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर आमच्या पिशव्या, चपला आणि मोबाईल सांभाळत बसला होता. कुणी साधं विचारलं पण नाही त्यांना. ते माझ्या मनातून काही जाईना.

म्हणून यावेळी डिसेंबरातल्या रविवारी ठरवलं, कोल्हापूरजवळचा कणेरी मठ. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम, जुनं गाव पुतळ्यांतून दाखवणारं. कोल्हापुरातल्या बऱ्याच लोकांचं कसंय, बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं आणि आपण तिथं गेटबाहेर चहा पीत थांबायचं, मी स्वतः लग्नानंतर एकदाच आत गेले होते आणि तेही घाईत. थोरल्यानं पहिला प्रश्न टाकलाच, तिथं राइड आहेत का? म्हटलं चल तर, बघू.

सकाळी आठलाच निघालो. हायवेला उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक दोन-दोन जोडलेल्या, ह्यांना ओव्हरटेक करता येईना आणि पोरं मागं बसून ऊस मोजत होती. उजळाईवाडीच्या पुढं गोकुळ शिरगाव, तिथून आत वळलं की लगेच हवाच बदलते. आईंनी (सासूबाईंनी) पहाटे उठून धपाटी केली होती, बरोबर खर्डा, घट्ट दही आणि भडंग, त्यामुळं खायची काळजी नव्हती.

तिकीट काढून आत गेलं की आधी गुहेसारखी वाट लागते, अंधारी आणि गार, तिथं जुन्या ऋषीमुनींचे आणि विद्वानांचे पुतळे आहेत. धाकटी माझी ओढणी धरून चालत होती, तिला वाटत होतं कुणीतरी आता पापणी हलवणार. मग गुहेतून एकदम उजेडात येतो आणि समोर अख्खं गाव. सात एकरांवर पसरलेलं, ८०च्या आसपास प्रसंग आणि ३०० पेक्षा जास्त पुतळे. बरेच लोक मेणाचे पुतळे म्हणतात पण ते सिमेंटचे आहेत, उघड्यावर ऊन-पाऊस खात उभे आहेत. मठाचे २७वे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामीजी, त्यांच्या कल्पनेतून हे सगळं उभं राहिलं. कारागिरांचं तर काय सांगू, एका म्हातारीच्या पायाच्या भेगा सुद्धा केल्यात हो! टाचेच्या भेगा! आई तिथं वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या आईचे पाय अस्सेच होते.

कुंभार, लोहार, न्हावी, वासुदेव, सगळं बघत चाललो होतो. मी थोरल्याला बलुतं म्हणजे काय ते सांगत होते, की लोहारानं वर्षभर विळे-कुदळी नीट करून द्यायच्या आणि सुगीला शेतकऱ्यानं त्याला धान्याचा वाटा द्यायचा. तर तो म्हणतो, मग वर्षभर पैसेच नाहीत? आणि धान्य कमी दिलं तर? बरोबर विचारलं पोरानं. मी त्याला तिथंच उभं करून सांगितलं की हे दिसायला छान दिसतंय पण काम जातीवर ठरायचं, चांभाराच्या पोरानं चांभारच व्हायचं, आणि काहींच्या वाट्याला तर नुसती राबणूक आणि अपमान यायचा. आपल्या शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं, म्हणजे जमिनीच्या तुकड्यापायी पिढ्यान् पिढ्या गावाची राबणूक करायची पद्धत, बंद केली ती त्याच्यासाठीच. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ ला, संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. कोल्हापूरच्या पोरांना हे दोन्ही कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, गाव किती हुशारीनं चालायचं ते पण आणि कुणाच्या पाठीवर चालायचं ते पण.

एवढं होईस्तोवर आबा कुठं दिसेनात. ह्यांनी हाक मारली, मी मागं जाऊन बघितलं, छातीत धस्स झालं कारण त्यांच्याकडं मोबाईल नव्हता. आणि दिसले ते पार पुढं, विहिरीपाशी. मोटेसमोर, म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी वर ओढायच्या पिशवीसमोर. एकटेच, दोन्ही हात मागं बांधून उभे.

पोरं पळत गेली आणि आबा बोलायला लागले, आणि मी सांगते, बारा वर्षं झाली माझ्या लग्नाला, एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. आबांचं गाव कागल तालुक्यातलं, दहा-अकरा वर्षांचे असल्यापासून वडलांबरोबर मोट मारायचे.

"ह्ये बघ, ही मोट. चामड्याची. आन् ही खाली तिची सोंड, हत्तीसारखी. ह्यो जाड दोर हाय न्हवं, ह्यो नाडा. सगळा भार ह्याच्यावर. आन् ही बारीक, ही सोल, ही सोंडंला बांधायची."

थोरल्याला समजेना, खाली तोंड उघडं असलेली पिशवी पाण्यानं भरून वर येते कशी, वाटेतच सांडून जाईल की. मलाही माहीत नव्हतं खरं तर. आबांनी माझी ओढणी मागून घेतली, तिचा एक पदर पिशवीसारखा धरला, खालचं टोक वर दुमडून दाखवलं, म्हणाले, सोल सोंडंला अशी वर ओढून धरती, म्हंजे सोंडंचं तोंड पाण्याच्या वर ऱ्हातंय, मग सांडंल कसं? बैल उतारानं खाली जात्यात, त्या उताराला धाव म्हणायचं. मोट वर आली की सोंड सोलीनं फुडं ओढली जाती, सरळ हुती आन् थारोळ्यात, म्हंजे काठावरच्या हौदात, भळाभळा पाणी, तिथनं पाटाला, पाटातनं वाफ्यात. मग बैल मागं मागं चालत धाव चढायची. मागं! उलटं! हे ऐकून धाकटी तिथंच उलटी चालायला लागली आणि एका काकूंना धडकली.

"आन् बैल खाली जाताना आमी काय करायचो? नाड्यावर बसायचो. वजन पडायला पायजे न्हवं. बैल पळत खाली, आन् आमी नाड्यावर."

थोरल्याचे डोळे एवढे मोठे झाले. "आबा, म्हणजे राइडच की!"

"व्हय, तीच आमची राइड. दिसाला शंभर येळा."

शेजारी पाच-सहा अनोळखी पोरं पण येऊन उभी राहिली होती आणि त्यांच्यातला एकजण म्हणाला, आजोबा परत सांगा की. आबांनी परत सांगितलं. मोटेवर म्हणायच्या गाण्याची एक ओळ पण हळूच गुणगुणले, आईंनी पदर तोंडाला लावला, हसत होत्या का रडत होत्या मला कळलं नाही.

तासभर तिथंच गेला. पुढचं आरामात बघितलं, आरशांच्या भुलभुलैयात पोरांनी दोनदा कपाळं आपटली, मग सावली बघून धपाटी सोडली. एक सांगते, जाणार असाल तर सकाळीच जा आणि टोप्या घ्या, कारण चालायचं भरपूर आहे आणि दुपारी ऊन चटकतं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांना पुढं चालू द्या, तुम्ही मागनं चाला. फोटोसाठी सारखं थांबवू नका, मी पहिला अर्धा तास तेच करत होते आणि त्या नादात आबा एकटेच पुढं निघून गेले होते.

येताना गाडीत आबा पुढं बसले, ह्यांच्या शेजारी, आणि गोकुळ शिरगाव येईपर्यंत कुठल्या बैलाचं काय नाव होतं ते सांगत होते. थोरला मागनं एकेक नाव पाठ करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची वेळ झाली तरी थोरला बाथरूममधून बाहेर येईना. दार ढकलून बघते तर दुधाच्या पिशवीचा खालचा कोपरा कापलेला, दोन सुतळ्या बांधलेल्या, एक नळावरून घेतलेली, पुढ्यात भरलेली बादली आणि सगळ्या फरशीवर पाणी. मी ओरडणार तेवढ्यात तो रडवेला होऊन म्हणाला, आई, पाणी वाटेतच सांडतंय गं.

बाहेर पेपर वाचत बसलेल्या आबांनी पेपर खाली पण ठेवला नाही.

"सोल आखूड कर."