जिंबल हेड, कुरिअर आणि नसलेला ड्रोन

जिंबल हेड म्हणजे ट्रायपॉडवर बसवून जड लेन्स तोलून धरणारा सांधा. ते ड्रोन नव्हे आणि ड्रोनचा सुटा भागही नव्हे. गेल्या हिवाळ्यात हे मी कुरिअरवाल्यांना फोनवर इतक्यांदा म्हटलंय की घरच्यांनाही ते पाठ झालं.

माझ्याकडे निकॉनची २००-५०० लेन्स आहे. नुसत्या लेन्सचं वजन २.३ किलो, कॅमेरा जोडला की तीनच्या वर. पुण्याजवळ कवडीपाटला नदीकाठी कवड्या धीवर (काळापांढरा खंड्या) पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो. आता सूर मारेल, मग मारेल असं म्हणत आपण डोळा लावून उभे. दंड भरून येतात, आपण लेन्स जरा खाली घेतो आणि स्वारी नेमकी तेव्हाच पाण्यात. बॉल हेडवरही, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणाऱ्या साध्या हेडवरही, करून पाहिलं. नॉब सैल केला की लेन्सचं जड तोंड धाडकन खाली येतं, घट्ट केला की पक्षी फ्रेमबाहेर. जिंबल हेडमध्ये लेन्स पाळण्यासारखी टांगलेली असते. तिचा तोल आडव्या आसावर आला की बोटाने ढकलली तरी वळते आणि सोडाल तिथे थांबते. ना मोटर, ना बॅटरी. दोन आस, बेअरिंग, दोन नॉब, बस्स.

मला हवं होतं ते इथे मिळेना, म्हणून परदेशातल्या एका छोट्या कारखान्याकडून मागवलं. पैसे भरले, पार्सल निघालं, मुंबईत उतरलंही. आणि मग स्टेटसवर ओळ आली: क्लिअरन्स प्रलंबित.

पहिल्यांदा केवायसी. ते ठीक आहे, आधार अपलोड केलं. (पार्सलवरचा पत्ता आणि आधारवरचा पत्ता एकच ठेवा. माझे एकच होते म्हणून तिथे सुटले, नाहीतर पत्त्याच्या पुराव्याची वेगळी वारी झाली असती.) पुढचे बरेच दिवस शांतता. मीच कुरिअर कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या इनव्हॉइसवर जिंबल लिहिलंय. ड्रोनचं असतं ना ते?"

मी सांगितलं, हे ट्रायपॉडवर बसतं, पक्ष्यांचे फोटो काढायला लागतं.

"म्हणजे हवेतून फोटो काढणार?"

"हवेतल्या पक्ष्यांचे. मी जमिनीवर."

पलीकडे जरा वेळ टाइपिंगचा आवाज, मग "मेल करा मॅडम." मेल केला. उत्तरात यादी आली: वापराचं हमीपत्र, पैसे भरल्याचा पुरावा, वस्तूचं माहितीपत्रक, परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि वर दूरसंचार खात्याचं वायरलेस मंजुरीपत्र. ज्या वस्तूत साधी बटणाची बॅटरीही नाही तिला वायरलेसची मंजुरी! पहिले तीन कागद त्याच संध्याकाळी पाठवले. उरलेल्या दोन कागदांबद्दल लिहिलं की लागू नाहीत. दोन दिवसांनी तीच यादी पुन्हा, फक्त खाली सही वेगळ्या माणसाची. मग तिसऱ्याची. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करणार आणि प्रत्येकाला ड्रोनच दिसणार.

चिडून मी नियमच वाचायला बसले. केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, हे खरं. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद. पण ड्रोनच्या सुट्या भागांना त्याच आदेशात मोकळीक आहे. म्हणजे माझं हेड खरंच ड्रोनचा भाग असतं, तरी परवाना मागायचं कारण नव्हतं. हे मी अगदी सभ्य भाषेत लिहून पाठवलं. उत्तर आलं, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे." तोवर उजनी धरणाकाठच्या भिगवणहून ओळखीच्यांचे पट्टकादंबांचे (हिवाळ्यात येणाऱ्या हंसांचे) फोटो यायला लागले होते, आणि मी रोज सकाळी चहाआधी ट्रॅकिंग उघडत होते.

सुटका झाली ती नात्यातल्या एका काकांमुळे. आयुष्यभर कस्टम क्लिअरिंगचं काम केलेला माणूस. त्यांनी माझे मेल चाळले आणि म्हणाले, "अगं, तू त्यांना पक्षी कशाला समजावतेस? त्यांना आकडा दे." आकडा म्हणजे मालाच्या वर्गवारीचा. मोनोपॉड (एकपायी दांडा), ट्रायपॉड आणि तशा वस्तूंना ९६२० हे स्वतंत्र शीर्षक आहे. ड्रोन ८८०६ मध्ये जातात. इनव्हॉइसवर कारखानदाराने नुसतं "जिंबल" लिहिलं होतं, आकडा नव्हताच. रिकाम्या जागेत ज्याला जे सुचलं ते त्याने भरलं.

कारखानदार भला माणूस निघाला. दुसऱ्याच दिवशी त्याने सुधारित इनव्हॉइस पाठवलं: कॅमेरा ट्रायपॉडसाठी यांत्रिक हेड, मोटर नाही, बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक भाग नाहीत, शीर्षक ९६२०. सोबत हेड खोलून ठेवलेल्या भागांचे फोटो. काकांच्या सांगण्यावरून मी सगळं एकाच पीडीएफमध्ये घातलं, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तो आकडा, आणि मेलच्या विषयात फक्त पार्सलचा नंबर. तिसऱ्या दिवशी ड्युटीचा हिशेब आला. इतके दिवस ज्या कागदांवाचून जग अडलं होतं, त्यांचं पुन्हा कोणी नावही काढलं नाही.

वर गोदामभाडं लावलंच. ते मी लेखी हरकत नोंदवून भरलं. हरकतीला अजून उत्तर नाही, आणि मीही अजून विचारायचं सोडलेलं नाही. कोणी मागवणार असेल तर पैसे भरण्याआधीच विक्रेत्याकडून इनव्हॉइसचा मसुदा मागवा आणि त्यात वर्णन आणि आकडा दोन्ही आहेत का ते बघा. फोनवर वेळ घालवू नका, तिथे काहीही नोंदलं जात नाही.

हेड हातात आलं तेव्हा खोकं टेबलावर ठेवून मी आधी जेवले. इतक्या दिवसांनी त्याने थोडी वाट बघायला हरकत नव्हती.

जोडणीत एक-दोन गोष्टी अडतात. हेडच्या बुडाला ३/८ इंचाचा आटा असतो. साध्या ट्रायपॉडवर १/४चा स्क्रू निघाला तर मधे छोटा अडॅप्टर लागेल. माझ्या लेन्सचा पाय हेडवरच्या आर्का पद्धतीच्या (प्लेट सरकवून आवळायच्या) खाचेत थेट बसत नाही, त्याला लांब प्लेट लावावी लागते. प्लेटला कड असलेली घ्या, नाहीतर ती स्क्रूभोवती फिरते. दोन्ही टोकांचे छोटे अडवणीचे स्क्रू काढू नका. क्लॅम्प चुकून सैल झाला तर लेन्स वाचवतात तेच. मग नॉब सैल करून लेन्स मागेपुढे सरकवायची, ती आपोआप आडवी राहेपर्यंत. कॅमेरा जोडून आणि लेन्स हुड लावूनच तोल साधायचा. ट्रायपॉड घेताना मधला दांडा नसलेला बघा, हेही आत्ता आठवलं.

कवडीपाटला पहिल्याच सकाळी धीवर सूर मारताना मिळाला, चोचीपासून शेपटीपर्यंत धारदार. त्या फोटोचा प्रिंट काकांना दिला.

भिगवणला मात्र हे सगळं घेऊन कुंभारगावच्या काठावर उतरले, तर नावाडी म्हणाला, "ताई, त्ये तिकाटणं गाडीतच ऱ्हाऊ द्या." त्याचं बरोबर होतं. होडीत कोणी पाय हलवला तरी ट्रायपॉड हलतो, आणि रोहित पक्ष्यांचा फोटो पाण्यालगत खालून घ्यायचा तर उंची नकोच असते. होडीच्या काठावर बीनबॅग (धान्य भरलेली कापडी पिशवी) टाकायची आणि त्यावर लेन्स. काठावर उभं राहून उडते सुरय टिपायचे असतील तेव्हा जिंबल. सिंहगड व्हॅलीत झाडीत चालताना नुसता मोनोपॉड पुरतो.

बीनबॅग शिवायला शिंप्याने जुन्या जीन्सचं कापड वापरलं, वर चेन. विमानाने जाणार असाल तर रिकामी न्या आणि तिथल्या वाण्याकडून भरा. वजन वाचतं आणि सुरक्षा तपासणीत धान्याचा गठ्ठा उलगडून दाखवावा लागत नाही. मी तांदूळ भरते. एका मैत्रिणीने मूग भरले होते, होडीत भिजले आणि गाडीच्या डिकीत त्यांना मोड आले.