चाकू आहे का, भो?

रेल्वेनं रावेर-भुसावळ अपडाऊन करून मला आता बारा वर्षं होतील, आणि या बारा वर्षांत डब्यातल्या लोकांना माझं आडनाव नीट माहीत नसेल पण माझ्या खिशात चाकू असतो हे सगळ्यांना माहीत आहे. निंभोऱ्याला कुणी जाम घेऊन चढलं (पेरू हो, आमच्याकडे जामच म्हणतात) की चार बाकांपलीकडून आवाज येतो, "चाकू आहे का, भो?" आणि चाकू हातोहात पुढे जातो, परत येतो तेव्हा त्याला तिखट-मीठ लागलेलं असतं आणि सोबत जामाची एक फोड असते. ते त्याचं भाडं.

चाकू बाळगायचा म्हटलं की शहरातले लोक जरा दचकतात. त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच तो रामपुरी, खटक्याचा चाकू येतो. कायद्याचं म्हणाल तर १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६चे नियम आहेत, त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं हत्यारात धरलंय, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलीत. माझं पातं साडेतीन इंचांच्या आत. तरी हवालदारासमोर नियम वाचून दाखवायची वेळ येऊ नये एवढी अक्कल आपण ठेवायची. यात्रा, मिरवणूक, कोर्ट, विमानतळ असलं काही असलं की चाकू घरी. विमानतळावर एकदा विसरलो आणि चांगला लाल चाकू तिथल्या डब्यात टाकून आलो. चूक माझीच होती, पण पुण्याला उतरेपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

आमच्या आबांकडे एक होता, पितळी मुठीचा, बोटभर पात्याचा. त्याला ते चाकू म्हणतच नसत, कलमतराश म्हणायचे, कारण लहानपणी त्यांनी त्याच्यानं बोरू तासले होते. बंडीच्या खिशात तो नाडीला बांधलेला असायचा, त्यामुळे कुणाला द्यायचा म्हणजे आबांना स्वतः सोबत जावं लागायचं. गोणीची शिवण उसव, सुतळी काप, पायातला काटा काढ, आणि दुपारी त्याच पात्यानं कांदा. उघडलेलं पातं पक्कं धरणारं लॉकबिक त्याला काही नव्हतं, नुसता पाठीतल्या कमानीचा ताण. हल्ली त्याला स्लिपजॉइंट म्हणतात. टोकानं जोर लावून काही भोसकायला गेलात तर तो मिटून तुमचीच बोटं कापणार, म्हणून आबा नेहमी ओढून कापायचे, कधी टोचायचे नाहीत. तो कलमतराश केळीच्या बागेत कुठंतरी पडला, चरीत, आणि सापडला नाही.

नोकरी लागल्यावर मी ठरवलं की आता एक चांगला, म्हणजे अगदी क्वालिटीचा चाकू घ्यायचा. इथून माझा बिघाड सुरू झाला. रात्री जेवण झालं की मोबाईल घेऊन बसायचं, हे पोलाद का ते पोलाद, रॉकवेल (म्हणजे कडकपणाचा आकडा) किती, लायनर लॉक (आतल्या पट्टीचं) का बॅक लॉक (पाठीचं), खिशाला अडकवायची क्लिप डावीकडे का उजवीकडे. बायको म्हणायची, लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हती. शेवटी डी-टूचा एक घेतला. डी-टू म्हणजे मुळात कारखान्यातल्या डायचं पोलाद, कडकपणा ६०च्या आसपास, धार महिना-महिना टिकते. क्रोमियम त्यात १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण बरंचसं कार्बनशी बांधलेलं, त्यामुळे धड स्टेनलेसही नाही. एका अंगठ्यानं उघडायचा, टक् करून. पहिले आठ दिवस मी विनाकारण पाकिटं फोडत होतो, वीजबिलसुद्धा चाकूनं उघडलं.

मग थंडीत मळ्यात भरीत पार्टी झाली. भरताची वांगी भाजायच्या आधी त्यांना चिरा द्याव्या लागतात, नाहीतर आगीत फुटतात, आणि ती हिरवी पांढरट वांगी एकेक अर्ध्या किलोची. मी ऐटीत चाकू काढला. वांगी झाली, कांद्याची पात झाली, मिरच्या झाल्या, तोवर चाकू पाच जणांच्या हातून फिरला आणि मी काड्या पेटवायचं सोडून त्याच्यामागे फिरतोय. आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, खाली ठेवायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा. म्हणजे पाच वेळा तो मातीत. त्यात लायनर लॉक बंद कसा करायचा हे कुणालाच येईना. आतली पट्टी बाजूला सरकवावी लागते, आणि ती सरकवताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. एक दोस्त तर उघडाच चाकू घेऊन आला, म्हणे, "भो, हा तुझा बंद होत नाही, मोडला वाटतं." दुसऱ्यानं त्याच्यानं बोअरच्या पाइपावरची क्लिप पिळली. मी बोललो त्याला, जरा जास्तच बोललो. भरीत चांगलं झालं होतं, कळण्याची भाकर, वरून तेल, पण मी जेवताना टोकाचा तुटलेला कण बघत होतो.

धार लावायचा तर अजून वांधा. घरातल्या कपाच्या बुडाला ती खरखरीत कडा असते ना, बिनचकाकीची, तिच्यावर साधा चाकू दहा वेळा घासला की काम भागतं, हा मात्र बधेना. बाजाराच्या दिवशी भाता लावून बसणाऱ्या लोहारदादांना दाखवला. त्यांचे कोयते ट्रकच्या कमानपाट्याचे असतात, उत्तम पोलाद. त्यांनी नखावर पातं टेकवून पाहिलं आणि म्हणाले, पाणी चांगलं दिलंय याला, पण तुम्हाला एवढं कडक कशाला पाहिजे होतं? पोलादाचं नाव ते काही विचारत नाहीत, पाणी विचारतात. आणि खरंय ते, तापवून किती गार केलं आणि मग परत किती नरम आणलं यावरच पातं ठरतं, तेच पोलाद एकाकडे सोनं आणि दुसऱ्याकडे पत्रा. रात्र रात्र वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्यांनी नखावर सांगितलं, वर धारेचे पैसे पण घेतले नाहीत.

तेव्हा डोक्यात आलं की मी चाकू माझ्या हिशोबानं निवडतोय आणि तो वापरणार सगळं गाव. डी-टू कपाटात गेला.

पुढचा ओपिनेल. फ्रान्समधल्या सावोय भागात १८९० पासून बनतोय, बीचच्या लाकडाची मूठ, ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, आणि १९५५ साली त्याला एक फिरतं कडं बसवलं, ते फिरवलं की पातं पक्कं. स्टेनलेसही मिळतो पण मी हट्टानं कार्बनचा घेतला, दगडावर दोन हात मारले की पाजळतो. लाकडाचं मात्र असं की मे महिन्यात भुसावळ ४५ला तापलं की सांधा सैल आणि आषाढात लाकूड फुगून असा घट्ट की नखानं उघडतच नाही, मग मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं आपोआप बाहेर डोकावतं. ही युक्ती तिकडचीच आहे, सावोयच्या लोकांची. त्यांच्याकडेही पावसाळा असेलच काहीतरी.

त्याच वर्षी मामेभावाचं लग्न निघालं, यावलकडे. हळद लागली आणि नवरदेवाच्या हातात द्यायची कट्यार सापडेना. माळ्यावर शोधली, पेटीत शोधली, मामाचं आणि मामीचं त्यावरून थोडं झालंही, आणि मग मामी माझ्याकडे वळली, "भाऊ, तुझ्या खिशात असतोच ना?" नाही म्हणता येतं का. ओपिनेल उघडला, कडं फिरवून लॉक केला, टोकाला लिंबू खोचलं आणि नवरदेवाच्या हातात. ते कडं बनवणाऱ्यांनी हा उपयोग स्वप्नातसुद्धा धरला नसेल, पण दोन दिवस तो चाकू जरा हलला नाही, वरातीत नाचतानासुद्धा. लायनर लॉकवाला दिला असता तर नवरदेवाची बोटं मोजावी लागली असती. परत आला तेव्हा लिंबाच्या आंबटानं टोकापासून दोन बोटं पातं काळंनिळं पडलेलं, मध्येच एक गोल डाग, बरोबर लिंबाच्या फोडीएवढा. घासून जात नाही. शिवाय लग्नातच कुणीतरी केळीचा खांब त्याच्यानं सोलला होता, त्या चिकानं उरलेलं पातंही करडं केलं. गंमत म्हणजे मला राग आला नाही, तेल लावून ठेवून दिला. असा काळपट थर चढला की तांबडा गंज जरा कमी धरतो, ते एक बरं झालं.

डब्यात सध्या जो फिरतो तो साधा लाल, स्विस. कार्ल एल्सेनर नावाच्या माणसानं १८८४ मध्ये दुकान काढलं, १८९१ मध्ये तिथल्या फौजेला चाकू दिले, पुढे आई वारली तेव्हा तिचं व्हिक्टोरिया हे नाव चाकूला दिलं आणि १९२१ मध्ये स्टेनलेस आल्यावर त्याला इनॉक्सची शेपटी जोडली, झालं व्हिक्टोरिनॉक्स. आईच्या नावाचा चाकू, मला हे फार आवडतं. पोलाद ५५-५६ रॉकवेलचं, म्हणजे नरमच, पण कपाच्या बुडावर पाच मिनिटांत धार येते. लॉक नाही, आबांच्यासारखाच कमानीवर चालतो, त्यामुळे मिटायचा कसा हे सत्तरीतल्या बाबांपासून कॉलेजच्या पोरापर्यंत कुणाला शिकवावं लागत नाही. दात कोरायची काडी मात्र पहिल्याच आठवड्यात गेली. कुणी नेली ते मला माहीत आहे, वरणगावला जातो तो.

आणि ओपिनेल? गेल्या पंधरवड्यात मामेभावाला मुलगा झाला. पाचवीच्या आदल्या दिवशी मामीचा फोन, बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवायचंय, तुझा तो लिंबाचा चाकू घेऊन ये. घरात विळ्या-कोयते काय कमी आहेत का, पण नाही, तोच पाहिजे, लग्नातला. मी विचारलं, लहान लेकराजवळ धार? मग आठवलं की त्याचं कडं मिटलेल्या पात्यालाही लॉक करतं. तसा लॉक करून, वर दोरा गुंडाळून देऊन आलो. खाली ठेवला, मामीनं उचलला. कधी परत मिळेल म्हटलं तर म्हणाली सव्वा महिन्यानं बारसं आहे, तेव्हा घेऊन जा. म्हणजे आता अंगडं-टोपडं आलं, चांदीचा वाळा आला, आणि बायकोनं हिशोब करून सांगितलंय की एवढ्यात ८ नंबरचे दोन नवीन आले असते.