बाबा म्हणाले, म्हणजे अप्रेंटिसच ना!

गेल्या महिन्याभरात नाशिकहून चार-पाच जणांचे मेसेज आले, कोणी पंचवटीतला, कोणी सिडकोतली, आणि प्रश्न जवळपास सगळ्यांचा सारखाच, ताई, मलापण प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, कोणता कोर्स करू? एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते, थोडं लांबेल. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे एखादं अ‍ॅप किंवा वस्तू कोणासाठी आणि कशी बनवायची हे ठरवणारा माणूस.

मी सिअ‍ॅटलला असते, मास्टर्स झाल्यावर इथल्या एका कंपनीत एपीएम म्हणून लागले, म्हणजे असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर. फ्रेशर लोकांना घ्यायचं, वेगवेगळ्या टीममध्ये फिरवायचं, आणि दोनेक वर्षांत तयार करायचं, असा तो प्रोग्राम. हे सुरू झालं गूगलमध्ये, 2002 साली, मरिसा मेयर यांनी केलं, बाहेरून आणलेले अनुभवी मॅनेजर तिथल्या इंजिनिअर लोकांत रुळेनात म्हणून त्यांनी कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली पोरं घेतली आणि थेट मोठी कामं हातात दिली. त्यातल्या पहिल्या एपीएमकडे, ब्रायन राकोव्स्कीकडे, जीमेल आलं. मेटामध्ये, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीत, याला आरपीएम (रोटेशनल प्रॉडक्ट मॅनेजर) म्हणतात, दीड वर्षात तीन टीम, सहा-सहा महिने. आपल्याकडे फ्लिपकार्टनेही एपीएम घेतलेत.

हे सगळं मी बाबांना फोनवर समजावलं तर ते म्हणाले, म्हणजे अप्रेंटिसच ना! बाबांनी फिटर ट्रेडचा आयटीआय केला आणि सगळी नोकरी सातपूर एमआयडीसीत काढली. ते सांगतात, सुरुवातीला मेस्त्री एक लोखंडी तुकडा हातात द्यायचे आणि म्हणायचे, काटकोनात आण. दिवसभर कानस मारायची, मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून उजेडाकडे धरायचा, मधून उजेड दिसला की परत व्हाइसमध्ये पकडून घासायचा. मेस्त्री कधी स्वतः कानस हातात घ्यायचे नाहीत, नुसतं विचारायचे, उजेड कुठून येतोय? तेव्हा मला ती फक्त बाबांची जुनी आठवण वाटली होती, पण नंतर फार उपयोगी पडली.

प्रोग्राममध्ये प्रत्येकाला एक मेंटॉर देतात. माझा पहिला मेंटॉर चांगला माणूस होता पण प्रचंड बिझी, तीनपैकी दोन मीटिंग कॅन्सल व्हायच्या, आणि जी व्हायची तिच्यात तो विचारायचा सगळं ठीक ना, मी म्हणायचे हो, ठीक. सहा महिने असेच गेले. मला त्याचा राग यायचा, पण खरं सांगू का, त्यात माझाही वाटा होता. आपल्याकडे सरांना अडचण सांगणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं, ही सवय शाळेपासून अंगात असते, आणि इथे तर तुम्ही बोलला नाहीत तर समोरचा खरंच समजतो की सगळं छान चाललंय.

दुसऱ्या टीममध्ये गेले तेव्हा मेंटॉर बदलली. काम होतं गोडाऊनमधल्या लोकांच्या हातातल्या स्कॅनरवरच्या अ‍ॅपचं. मी अकरा पानांचं डॉक्युमेंट लिहिलं, ग्राफ वगैरे सगळं, दोन आठवडे घासून-पुसून मग तिला दाखवलं. तिने पहिलं पान वाचलं आणि विचारलं, ही माणसं तू पाहिलीस का? मी म्हटलं डेटा पाहिलाय. ती म्हणाली मग आधी एक शिफ्ट उभी राहून ये.

पहाटे सहाच्या शिफ्टला गेले, सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला केंट म्हणून गाव आहे, तिथे नुसती गोडाऊनंच गोडाऊनं. तिथे पाहिलं की सगळ्यांच्या हातात जाड हातमोजे, आणि आमचं कन्फर्मचं बटण स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात, बारीकसं. एक बाई दर वेळी बोटाचं पेर वाकवून त्याने ते दाबत होत्या, दोनदा चुकायचं, तिसऱ्यांदा लागायचं, आणि त्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कुणाकडे तक्रारही केली नव्हती. माझ्या अकरा पानांत त्या हातमोज्यांचा उल्लेखच नव्हता. परत येऊन दोन पानांचं नवीन डॉक्युमेंट लिहिलं, आणि ते अर्धवट असतानाच मेंटॉरला दाखवलं, तेव्हापासून मी कच्चं कामच आधी दाखवते. तिने मला उत्तर कधीच दिलं नाही, पण माझ्या कामात उजेड कुठून येतोय ते तिला लगेच दिसायचं.

आता प्रमोशनबद्दल, कारण ते पण विचारलंय. मॅनेजर आणि मेंटॉर ही दोन वेगळी माणसं असतात हे नीट लक्षात ठेवा. मॅनेजर तुमचं रेटिंग ठरवतो, मेंटॉर नाही ठरवत, म्हणून मेंटॉरला बावळट वाटणारा प्रश्नही बिनधास्त विचारता येतो. पण रेटिंगच्या वेळी सगळे मॅनेजर एकत्र बसून आपापल्या लोकांची तुलना करतात, तिथे तुमच्या कामाबद्दल ठामपणे बोलणारं कोणीतरी लागतं आणि त्याच्या हातात पुरावा लागतो. मी दर शुक्रवारी तीन ओळी लिहून ठेवते, काय ठरवलं, का ठरवलं, पुढे काय झालं. वर्षाच्या शेवटी आठवायला बसलं तर काही आठवत नाही हो.

इथे शिकायला येणाऱ्यांनी अजून एक बघा. स्टेम, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग किंवा गणिताची डिग्री असेल तर ओपीटीचे, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, 12 महिने आणि वर 24 महिने मिळतात, पण त्या 24 महिन्यांसाठी कंपनीसोबत आय-983 नावाचा ट्रेनिंग प्लॅन भरावा लागतो, तुम्ही काय शिकणार, कोण देखरेख करणार, कसं तपासणार, सगळं त्यात येतं. मी पहिल्यांदा तो नुसता सही करण्यापुरता भरला, आता वाटतं तो कागद मॅनेजरसमोर ठेवून तासभर बोलायला हवं होतं. एच-1बीची, म्हणजे पुढच्या नोकरीच्या व्हिसाची, लॉटरी आपल्या हातात नाही, वर्षाला 85 हजारांचा कोटा आहे, त्याचं टेन्शन रोज घेऊन कामात लक्ष लागत नाही, हे मी अनुभवलंय.

आणि कोर्स? मला नाही वाटत आधी कोर्स लागतो. पिंपळगावच्या मार्केटला जा, नाहीतर ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे दोन संध्याकाळ उभे राहा, माणसं कुठे अडतात ते बघा आणि दोन पानं लिहा. तेवढं करून मला पाठवा, मी नक्की वाचेन, मनापासून सांगतेय.

उद्या माझ्याकडे एक नवीन एपीएम येतेय, पहिल्यांदाच मी कुणाची तरी मेंटॉर असणार आहे. बाबांना सांगितलं की तिला पहिल्या आठवड्यातच गोडाऊनला नेणार. ते म्हणाले, स्कॅनर हातात द्यायच्या आधी हातमोजे घालायला लाव तिला.