बुवांची उरलेली गाणी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या पंचक्रोशीत भजन गाणाऱ्या बुवांच्या खंजिरीशिवाय सप्ताह पार पडत नसे. कॅसेटच्या जमान्यात अमरावतीच्या एका स्टुडिओत त्यांनी बरीच भजनं गायली. साठ मिनिटांच्या कॅसेटीत मावली तेवढी बाजारात आली, बाकीची तशीच राहिली. बुवा गेल्यावर काकूंनी कोठीतला कॅसेटींचा डबा माझ्यापुढे ठेवला. "पाह्य बापा, काही निंघते काय यातून." मी मोबाइल दुरुस्त करणारा माणूस, पण गावात स्क्रूड्रायव्हर ज्याच्या हाती तोच इंजिनिअर.

काही फितींना पांढरी बुरशी लागली होती. अशी फीत डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये, घातली की बुरशी फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते, म्हणून त्या वेगळ्या ठेवून शेवटी घेतल्या. काहींच्या आतली फेल्टची इवलीशी गादी गळाली होती. त्यांची फीत स्क्रूवाल्या नव्या खोक्यात चढवली. डेकची आवाज बाहेर देणारी लाइन-आउट लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, हे वेगळं सांगायला नको.

खरी गंमत हेडच्या बाजूच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूत आहे. ज्या मशीनवर कॅसेट भरली तिच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही, तर आवाज दबलेला येतो. गाणं चालू ठेवून तो स्क्रू केसभर फिरवायचा आणि कान फक्त झांजेकडे ठेवायचा. झांज लख्ख वाजली की थांबायचं.

मग सुराचा घोळ. बुवा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात गायचे, पण एका कॅसेटीवर सूर तिच्या लगेच खालच्या पांढरी दोनच्या जरासाच वर. भरताना मशीन जोरात फिरलं असेल, तर आपल्याकडे गाणं उतरतं. मंडळाची जुनी पेटी अजून आहे, तीच रेकॉर्डिंगातही वाजते. तिची काळी दोनची पट्टी दाबून धरली आणि वेग साधारण चार टक्के वाढवल्यावर सूर जुळला. काकू ऐकून म्हणाल्या, "हां, आता हे आले."

खरखर मात्र मी थोडीच कमी केली. जास्त काढली की माणूस विहिरीतून गातोय असं वाटतं.

भाच्याचा हट्ट होता, खाली ढोलकी आणि कीबोर्ड टाकू. मी त्याला मायकल जॅक्सनचं उदाहरण दिलं. 2014 साली त्याच्या उरलेल्या आठ गाण्यांचा 'एक्स्केप' हा अल्बम निघाला. गाणी नव्या साजात होती, पण मोठ्या आवृत्तीत मूळ रेकॉर्डिंगही दिलं होतं. आपणही मूळ आधी देऊ, तुझं मागून. याउलट 2010 च्या 'मायकल' या अल्बममधल्या तीन गाण्यांत आवाज त्याचाच का, यावरून कोर्टापर्यंत वाद गेला आणि 2022 मध्ये ती गाणी स्ट्रीमिंगवरून काढली गेली.

आमच्याकडेही तेच झालं. एक सुंदर गवळण सगळ्यांनी बुवांची म्हणून पक्की केली होती. काकूंनी अर्धी ऐकली. "हा यायचा आवाज नोये. माह्या दिराचा हाय." बुवा ओळ संपता संपता श्वास घ्यायचे, इथे तो आधीच घेतला होता. गवळण वगळली. भाचा रुसला, पण दुसऱ्याच्या गळ्यावर बुवांचं नाव लावणं मला पटेना.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनंही बाजूला काढली. महाराज 1968 मध्ये गेले. रचनाकाराचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे 2028 संपेपर्यंत. परवानगीशिवाय ती टाकायची नव्हती. जुने अभंग आणि बुवांच्या स्वतःच्या रचना राहिल्या, त्यांना घरच्यांनी लेखी होकार दिला.

पेन ड्राइव्ह मंडळात वाटले. ट्रॅक्टरवर भाच्याचं ढोलकीवालंच जास्त वाजतं. वाजू द्या. काकूंच्या मोबाइलमध्ये मी फक्त मूळची घातली आहेत.